परमुलखातला प्रेक्षक : जुन्नर-आंबेगावच्या मातीतील तमाशा फडांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील सपाटीपर्यंत उतरत गेलेले आहेत, आणि या उतारावर पाऊस आणि पिके जशी बदलतात तसे गावांचे अर्थकारणही बदलते. आंबेगावच्या पश्चिम टोकाला, घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर, तळेघर आहे. महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या, भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे ही या डोंगरपट्ट्याची ओळख आहे. पूर्वेला पुणे-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठी, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही बाजारपेठ आहे, आणि उभा महाराष्ट्र तिला तमाशापंढरी म्हणून ओळखतो. राजाश्रय नाही, संस्थेचा पगार नाही, केवळ प्रेक्षकाच्या पैशावर पोट आणि वर्षातील बहुतेक रात्री परगावच्या मैदानात, अशा स्वतंत्र मंडळ्यांचा व्यवसाय या गावाच्या आधाराने विसाव्या शतकात उभा राहिला. या मंडळ्यांनी आपल्या गावाबाहेरचा प्रेक्षक कोणत्या मार्गांनी मिळवला, तो टिकवण्यासाठी कोणती व्यवस्था उभी केली आणि त्या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे पाहिले असता असे दिसते की कलावंताची कीर्ती आणि त्याचा चरितार्थ ही दोन वेगवेगळ्या वाटांनी चालणारी प्रकरणे होती.

तमाशाच्या व्यवसायात दोन मुख्य प्रकार मानले जातात. संगीतबारी हा पहिला प्रकार थिएटरात स्थिरावलेला असून त्यात गायिका-नर्तकींच्या बाऱ्या, म्हणजे छोटे गट, पाळीपाळीने लावणी सादर करतात. पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे त्याचे जुने ठिकाण. दुसरा प्रकार ढोलकीफडाचा, म्हणजे गावोगाव हिंडणाऱ्या मंडळीचा, आणि नारायणगावचे नाव झाले ते या दुसऱ्या प्रकारामुळे. फडात सरदार किंवा नाईक हा प्रमुख, विनोदाची बाजू सांभाळणारा सोंगाड्या, नाचणाऱ्या स्त्रिया, मागे उभे राहून सूर धरणारे सुरत्ये, ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज वाजवणारे वादक आणि त्यांच्या जोडीला तंबू ठोकणारे, स्वयंपाक करणारे, वाहने चालवणारे व हिशेब ठेवणारे असा परिवार असतो. मोठ्या फडात ही संख्या शंभराच्या पुढे जाते. खेळाचा क्रम ठरलेला असतो: आरंभी गणेशस्तवनाचा गण, नंतर कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गौळणींच्या थट्टेची गवळण, मग बतावणी आणि लावण्या, आणि शेवटी वग, म्हणजे पहाटेपर्यंत रंगणारे कथानाट्य.

हा व्यवसाय पूर्वीपासून असाच नव्हता. पेशवाईच्या उत्तरकाळात शाहिरांना पुण्याचा दरबार, सरदारांचे वाडे आणि शिमग्याचे दिवस यांचा आधार होता, आणि जुन्नरला लागून असलेल्या संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी किंवा पुण्यात गाजलेले होनाजी-बाळा हे सारे त्या आश्रयाच्या परिघात वावरले. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा परीघ मोडला आणि एका मोठ्या यजमानाच्या जागी पुष्कळ लहान यजमान शोधण्याची वेळ शाहिरांवर आली. या स्थित्यंतराला उपयोगी पडलेली सर्वांत महत्त्वाची निर्मिती म्हणजे वग. सावळजच्या उमा-बाबू यांच्या फडाने १८६५ साली सादर केलेला ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. त्याआधी तमाशाचे आकर्षण मुख्यतः लावणी, पोवाडा आणि कलगी-तुरा यांच्या सवाल-जबाबांवर उभे होते, आणि त्यांतील खुबी कळायला शाहिरी परंपरेची जाण असलेला श्रोता लागत असे. वगाला मात्र गोष्ट ऐकण्याची हौस असलेला कोणताही गावकरी पुरेसा होता. शिवाय दोन-चार वग तयार असलेला फड एकाच मुक्कामात रोज नवा खेळ लावू शकत होता, त्यामुळे अनोळखी गावात जाऊन राहणे त्याला परवडू लागले.

याच काळात मुंबई हा दुसरा आधार मिळाला. १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि घाटावरची माणसे कामासाठी मुंबईला जाऊ लागली. जुन्नर-आंबेगाव या स्थलांतरात मागे नव्हते. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाचा ट्रक अडवताना मुंबईत हुतात्मा झालेले बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे आणि गिरणीत काम करणारे होते, यावरून या दोन मुलखांचा संबंध लक्षात येतो. या कामगारांच्या मागोमाग तमाशाही मुंबईत आला. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), आणि संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील पवळा यांच्या फडाने मुंबई गाजवली. पुढे लालबागचे हनुमान थिएटर हे गिरणगावातील तमाशाचे हक्काचे ठिकाण ठरले. गावाकडून आलेला कामगार येथे जो फड पाहत असे, त्याचे नाव तो सुट्टीत गावी नेत असे, आणि गावच्या जत्रेला कोणता फड आणावा या चर्चेत मुंबईकरांच्या मताला वजन असे. परगावी नाव पोहोचवण्याचे काम छापील जाहिरातीपेक्षा या येण्याजाण्याने अधिक केले.

नारायणगावच्या फडांची कथा प्रामुख्याने एका घराण्याशी बांधलेली आहे. नारायण खुडे यांनी सुरू केलेल्या फडाचा वारसा त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांनी चालवला आणि ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे नाव महाराष्ट्रभर झाले. भाऊंची कन्या विठाबाई, जन्म १९३५, बालपणापासून बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, उभी राहिली. पुढे तिने स्वतःच्या नावाचा फड काढला, राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला, आणि तिच्या नंतरच्या पिढीत मंगला बनसोडे व मालती इनामदार या तिच्या कन्यांची नावे फडांच्या फलकांवर आली. नारायणगावच्या पंचक्रोशीतच दत्तोबा तांबे शिरोलीकर यांच्यासारखे फडमालक झाले. कवलापूरचे काळू-बाळू, इंदुरीचे दादू इंदुरीकर, चंद्रकांत ढवळपुरीकर यांची नावे त्याच काळात त्यांच्या बरोबरीने घेतली जात होती.

या सर्व नावांची घडण पाहण्यासारखी आहे. व्यक्तीच्या नावापुढे गावाचे नाव लावण्याची रीत मराठी मुलखात सर्वत्र आहे, पण फडाच्या बाबतीत तिला व्यापारी अर्थ आला, कारण परक्या मैदानात उभ्या राहणाऱ्या मंडळीला आपली ओळख चार शब्दांत सांगावी लागत होती. हे गाव जन्माचे असलेच पाहिजे असे नव्हते. विठाबाईचा जन्म पंढरपूरचा, पण ती कायम नारायणगावकर राहिली. कांताबाई सातारकर गुजरातमध्ये जन्मल्या, साताऱ्यात वाढल्या आणि त्यांच्या फडाचे बिऱ्हाड संगमनेरला होते, तरी फलकावर सातारकर हेच नाव टिकले. एखादा कलावंत फड सोडून दुसरा फड काढू लागला तर जुने गावाचे नाव बरोबर नेत असे, आणि दोन नामवंत एकत्र आले तर ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’ याप्रमाणे दोन्ही नावे एका फलकावर येत. अशा रीतीने हे नाव घराण्याची मिळकत बनले आणि वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ लागले.

या नावात एक सामाजिक विसंगतीही उघडपणे लिहिलेली होती. ढोलकीफडातील कलावंत प्रामुख्याने मांग, महार आणि कोल्हाटी या समाजांतील होते, आणि ज्या समाजाला गावगाड्याने वेशीबाहेर ठेवले त्याच समाजाचे नाव ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या फलकावर गावाच्या नावाला लागून उभे होते. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाड्याच्या अभ्यासातून आणि शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तमाशाविषयक ग्रंथातून दाखवून दिले आहे की तमाशातील स्त्रियांची कला आणि त्यांची बदनामी या दोन्ही गोष्टी जातीच्या उतरंडीतूनच घडल्या. फडाच्या व्यवसायाला लावून पाहिले तर त्याचा अर्थ असा होतो की घरच्या गावात जो मान जातीमुळे मिळत नव्हता तो परगावच्या मैदानात कलेमुळे, निदान खेळ चालू असेपर्यंत, मिळत होता, आणि बाहेरच्या प्रेक्षकाचा शोध हा केवळ पोटाचा शोध राहत नव्हता. मात्र खेळ संपल्यावर त्याच गावात मुक्कामाची जागा, पाणी आणि स्त्रियांची सुरक्षितता हे प्रश्न पुन्हा जातीच्याच मार्गाने समोर येत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या व्यवसायाला राजसत्तेचा धक्का बसला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. तिच्याविरुद्ध कलावंत संघटित झाले, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेचा विचार करणारी समिती नेमली गेली, आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळांना मुभा मिळाली. या घडामोडीचे दोन परिणाम टिकून राहिले. एक म्हणजे फडांच्या नावांत ‘लोकनाट्य’ हा शब्द शिरला आणि ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ हे आजचे रूढ रूप तयार झाले. दुसरा परिणाम असा की परवाना, संहितेची मंजुरी, पोलिसांची परवानगी आणि करमणूक कर यांची कागदपत्रे सांभाळणारा व्यवस्थापक फडात अपरिहार्य झाला, आणि ज्याच्याकडे लिहिता-वाचता येणारी, कचेरीत जाऊ शकणारी माणसे होती तोच फड लांबच्या जिल्ह्यात जाऊ शकला. पुढे शहरी रंगभूमीने आणि चित्रपटाने तमाशाचा साज उचलला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. मध्यमवर्गाने पडद्यावरचा तमाशा आपलासा केला, पण तो प्रेक्षक मैदानातील तंबूकडे फारसा वळला नाही. फडांनी मात्र चित्रपटाची गाणी उचलून लावण्यांच्या बरोबरीने बसवली आणि आपल्या प्रेक्षकाची बदलती आवड सांभाळली.

फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते. पावसाळ्यात खेळ बंद असतात. त्या महिन्यांत कलावंत आपापल्या घरी असतात, फडमालक नवे वग बसवतो, तंबू व वाहने दुरुस्त करून घेतो आणि पुढील हंगामासाठी माणसे बांधून घेतो. दसऱ्यापासून चैत्रापर्यंतचा काळ तंबूच्या खेळांचा. या काळात पूर्णवेळ फड कनात लावून, म्हणजे कापडी कुंपण घालून, तिकीटविक्रीवर खेळ करतो. गाव फडमालक निवडतो, जोखीम त्याची असते आणि पाऊस, थंडी किंवा परीक्षा यांपैकी काहीही त्याचा गल्ला बुडवू शकते. चैत्रात चित्र पालटते. गावोगावच्या जत्रा सुरू होतात, गाव स्वतः फडाला बोलावते आणि एका रात्रीची रक्कम ठरवून देते. या ठरावालाच सुपारी म्हणतात. सुपारीच्या खेळाला तिकीट नसते, मैदान सर्वांना खुले असते आणि जोखीम गावाची असते. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हा हंगाम ओसरतो. केवळ या जत्रांपुरते जमणारे लहान फड हंगामी म्हणून ओळखले जातात.

सुपारीच्या या व्यवहारासाठीच नारायणगावात राहुट्या उभ्या राहू लागल्या. राहुटी म्हणजे फडाची तात्पुरती कचेरी: कापडाचा वा पत्र्याचा निवारा, बाहेर फडाच्या नावाचा ठळक फलक आणि कलावंतांची छायाचित्रे, आत व्यवस्थापक, तारखांची वही आणि येणाऱ्या मंडळींसाठी बैठक. माघापासून या राहुट्या पडू लागतात आणि गुढीपाडव्याला व्यवहाराचा जोर शिगेला पोहोचतो. पुणे, नगर, नाशिक, ठाणे आणि त्यापलीकडील जिल्ह्यांतून गावांच्या जत्रा समित्यांची माणसे येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, कोणती नर्तकी आहे, सोंगाड्या कोण, कोणता वग लावणार, किती माणसे येणार याची चौकशी करतात आणि घासाघीस करून इसार देतात. दर सर्व दिवसांना सारखे नसतात. चैत्र पौर्णिमा, चैत्रातील कालाष्टमी आणि अक्षय तृतीया या तिथींना अनेक गावांच्या जत्रा एकाच वेळी येतात, म्हणून त्या रात्रींचा भाव चढतो आणि नामवंत फडांच्या त्या तारखा सर्वांत आधी जातात. मधल्या रिकाम्या दिवसांना तोच फड कमी रकमेत मिळतो. एका रात्रीची रक्कम आता लाखांच्या घरात गेली आहे.

हा बाजार नारायणगावातच का भरला, याची कारणे भूगोलात आणि कीर्तीत विभागलेली आहेत. पुणे-नाशिक रस्ता गावातून जातो. थोडे उत्तरेला आळेफाट्यावरून नगरकडे वाट फुटते आणि ओतूर-माळशेज घाटातून कल्याण-मुंबईकडे उतरता येते. म्हणजे देश, गोदावरीचे खोरे आणि कोकणपट्टी या तिन्ही बाजूंच्या गावकऱ्यांना हे ठिकाण एका दिवसात गाठून परतण्याजोगे होते. भाऊ-बापूंच्या आणि विठाबाईच्या नावाने गाव आधीच माहीत झाले होते, त्यामुळे परगावच्या फडमालकांनाही येथे राहुटी टाकणे सोयीचे वाटले. एका फडाने एकेका गावाकडे जाऊन खेळ मागण्याऐवजी सारी गावे एका ठिकाणी येऊन फड निवडू लागली, आणि प्रवासाचा खर्च व पत पटवण्याचा भार विक्रेत्याकडून गिऱ्हाइकाकडे सरकला. परमुलखातला प्रेक्षक मिळवण्याच्या इतिहासात नारायणगावचे खरे कर्तृत्व या उलटापालटीत आहे.

अशी व्यवस्था एकट्या महाराष्ट्रात झाली असे नाही. कोलकात्याच्या चितपूर भागात बंगाली जात्रा मंडळ्यांच्या कचेऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि रथयात्रेच्या दिवशी तेथे नव्या हंगामाच्या ठरावांना आरंभ होतो. गुढीपाडव्याचे नारायणगाव आणि रथयात्रेचे चितपूर यांची तुलना सहज होते. शहरी तरुणांच्या रॉक संगीतातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. मुंबईत १९८४ साली सुरू झालेल्या आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड असे नाव घेतलेल्या रॉक मशीनसारख्या बँडला आपल्या शहराबाहेरचा श्रोता मिळाला तो मुख्यतः महाविद्यालयीन महोत्सवांच्या वार्षिक चक्रातून. जत्रा, रथयात्रा आणि महोत्सव या तिन्हींत समान सूत्र असे आहे की श्रोता आधीच एका तारखेला एका जागी जमणार असतो आणि मंडळीने तेथे पोहोचण्याची व्यवस्था तेवढी करायची असते.

जुन्नर-आंबेगावच्या गावांत ही तारीख म्हणजे ग्रामदैवताची यात्रा. पहाटेचा अभिषेक, मांडवडहाळ्यांची मिरवणूक, शेरणीचे वाटप, दुपारी घाटात बैलगाड्यांच्या शर्यती, रात्री पालखीचा छबिना आणि त्यानंतर तमाशा, दुसऱ्या सकाळी तमाशाची हजेरी आणि मग कुस्त्यांचा आखाडा, असा कार्यक्रम अनेक गावांत ठरलेला आहे. हजेरी म्हणजे रात्रभर खेळ केलेल्या कलावंतांनी सकाळी गावकऱ्यांसमोर पुन्हा उभे राहून केलेले छोटे सादरीकरण. सुपारीत ते गृहीत धरलेले असते. खर्च घरटी पट्टी गोळा करून आणि मुंबई-पुण्यातील गावकऱ्यांच्या मंडळांकडून वर्गणी मिळवून भागवला जातो. यात्रेला कोणाचा तमाशा आणला यावर गावाचा लौकिक ठरतो, आणि शेजारच्या गावाने गेल्या वर्षी आणलेल्या फडापेक्षा मोठा फड आणण्याची ईर्षा ही फडमालकांची न दिसणारी जाहिरात असते.

या वर्गणीच्या ताकदीवरच दोन तालुक्यांच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील अंतर उमटलेले दिसते. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी पूर्वेकडील शेतीला पाणी मिळाले. ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला यांनी तेथील गावांच्या हाती रोख पैसा आला, आणि त्यातील एक वाटा यात्रेच्या मांडवात खर्च झाला. पश्चिमेला मात्र धरणांची बुडिते होती. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात, ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगावच गेले. तळेघरच्या बाजूला भाताचे एकच पीक, हिरड्याची हंगामी विक्री आणि मजुरी यांवर चालणाऱ्या वाड्यांना मोठ्या फडाची रक्कम पट्टीतून उभी करणे पूर्वेच्या बागायती गावांइतके सोपे राहिले नाही. त्याच वेळी डोंगरपट्ट्यातील आदिवासी मजूर मोठ्या संख्येने नारायणगाव-मंचर भागात कामाला उतरतात आणि नारायणगावात मजुरांचा बाजारच भरतो. सुपारीच्या खेळाला तिकीट नसते, त्यामुळे फडाचा प्रेक्षक त्याला बोलावणाऱ्या गावापुरता मर्यादित राहत नाही. ज्या वाडीला फड आणणे परवडत नाही तिच्या माणसालाही दुसऱ्या गावाच्या पैशाने तो पाहता येतो. प्रेक्षक आणि गिऱ्हाईक यांच्यातील हा भेद लक्षात घेतल्याशिवाय तमाशाची लोकप्रियता आणि तमाशाचे उत्पन्न यांचा मेळ लागत नाही.

फडाच्या आतील हिशेबही तितकाच गुंतागुंतीचा आहे. पावसाळ्यात कलावंतांकडे मिळकत नसते, म्हणून फडमालक त्यांना उचल देतो, म्हणजे पुढील हंगामाच्या पगारातून फेडायची आगाऊ रक्कम, आणि ती घेतलेला कलावंत त्या हंगामापुरता त्या फडाशी बांधला जातो. उचल देण्यासाठी मालक स्वतः कर्ज काढतो आणि सुपाऱ्यांच्या इसारावर ते फेडतो. म्हणजे राजाश्रयातून सुटलेला हा व्यवसाय सावकाराच्या आश्रयाला गेला होता, आणि पाडव्याची बाजारपेठ एक वर्ष जरी मंदावली तरी कर्जाची साखळी फडमालकापासून सुरत्यापर्यंत सर्वांना आवळत असे. नावलौकिक येथे तारण म्हणून चालत असे, पण विम्यासारखे संरक्षण देत नसे. विठाबाईचे शेवटचे दिवस आर्थिक ओढगस्तीत गेले आणि जानेवारी २००२ मध्ये तिचे निधन झाले. त्यानंतर राज्य शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला तिचे नाव दिले. महाराष्ट्रभर ओळखल्या जाणाऱ्या कलावंताला हंगाम थांबल्यावर कोणतेही उत्पन्न उरत नव्हते, याचा हा सर्वांत परिचित दाखला आहे.

एकविसाव्या शतकातील आघातही या व्यवस्थेच्या नेमक्या सांध्यांवर बसले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्या जागेत ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली, आणि पालखी परतल्यावर सुरू होणारा खेळ परवानगीच्या फेऱ्यात सापडला. पहाटेपर्यंत रंगणारा वग आखडत गेला आणि त्याची जागा गाणी व नृत्ये यांनी घेतली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा मुभा मिळेपर्यंत या तालुक्यांतील यात्रांचे दिवसाचे मुख्य आकर्षण हरपले होते, आणि शर्यतींसाठी परगावाहून येऊन रात्री तमाशाला थांबणारी गर्दीही त्याबरोबर ओसरणे ओघाने आले. सर्वांत मोठा आघात तारखेच्याच रूपाने आला: करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली तो २५ मार्च २०२० हा दिवस गुढीपाडव्याचा होता. पुढील वर्षी १३ एप्रिलला पाडवा झाला आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. लागोपाठ दोन चैत्र यात्रांविना गेले, आणि उचलीवर जगणाऱ्या कलावंतांना मिळेल ती मजुरी धरावी लागली.

या काळात अनेक फडांच्या खेळांची चित्रणे इंटरनेटवर लोकांनी पाहिली, आणि नारायणगाव कधी न पाहिलेल्या प्रेक्षकापर्यंत तमाशा पोहोचला. तरीही निर्बंध उठताच फडमालक पुन्हा राहुट्या टाकायलाच आले. शंभर माणसांचे पोट चालवणारी रक्कम पाहणाऱ्यांच्या संख्येतून येत नव्हती. ती एका ठरावीक तिथीला, एका ठरावीक गावाने, सामूहिक वर्गणीतून द्यायची रक्कम होती. पेशवाईच्या अखेरीपासून पाहिले तर फडांनी प्रेक्षक अनेकदा बदलला: दरबारी रसिक, गिरणी कामगार, बागायतदार, डोंगरातून उतरलेला मजूर. फडांना गावाबाहेर उभे केले ते वगाने, गावाच्या नावाने, रस्त्याने आणि पाडव्याच्या बाजाराने मिळून. यांपैकी बाजार हा घटक सर्वांत कमी चर्चिला गेला आणि तोच सर्वांत निर्णायक ठरला. म्हणून तमाशाच्या जतनाचा विचार पुरस्कार, महोत्सव आणि ध्वनिचित्रमुद्रणे यांच्यापुरता ठेवला तर कलावंताचे नाव टिकेल, पण फड टिकेलच असे नाही. फडाचे भवितव्य आजही गावाची यात्रा समिती पट्टी गोळा करते की नाही, रात्रीच्या खेळाला परवानगी मिळते की नाही आणि पावसाळ्यातील चार महिने कलावंताला कर्जाशिवाय काढता येतात की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.